दोन अंगरखे आणि न मिटणारे कपाट



गेल्या महिन्यात तळवलीत एका घराच्या आशीर्वादासाठी गेलो होतो. त्या कुटुंबाला विचारून, नाव न घेता, हा प्रसंग लिहीत आहे. घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच. त्या एका खोलीत तीन कपाटे, पलंगाखाली दोन सूटकेस आणि माळ्यावर गाठोडी. प्रार्थना म्हणत पवित्र पाणी शिंपडत मी कपाटापाशी आलो, तेव्हा सर्वांत वरची पिशवी घसरली आणि थेट माझ्या खांद्यावर पडली. आम्ही सगळेच हसलो. घरची ताई ओशाळून म्हणाली, "फादर, कपाट मिटतच नाही बघा. आणि कुठे जायचे म्हटले की घालायला काही नसते!"

चहा झाल्यावर मी निघालो. जिन्यात त्यांचा दहावीतला मुलगा पायरीवर वही घेऊन बसला होता. "इथे का रे?" असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, "घरात टेबल ठेवायला जागा नाही ना, फादर."

त्या मुलाचे शब्द घरी येईपर्यंत माझ्या मनातून गेले नाहीत. येऊन मी माझे स्वतःचे कपाट उघडले. धर्मगुरूला काय लागते? अंगावर झगा आणि आत साधा सदरा. तरी मी मोजले तर एकोणतीस शर्ट निघाले. वाढदिवसाला, सणाला, लग्नाला तुम्हीच प्रेमाने दिलेले. त्यांपैकी अकरा शर्टांच्या टाचण्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. म्हणून आज जे लिहीत आहे, ते तुमच्याआधी मला स्वतःला उद्देशून आहे.

आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. आजच्या शुभवर्तमानात संत मत्तय आपल्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे नेतो, आणि त्याचा संदेश सांगताना त्याच्या कपड्यांचेही वर्णन करतो: उंटाच्या केसांचे वस्त्र आणि कमरेला कातड्याचा पट्टा. पुढच्या रविवारी आपण प्रभू येशूला लोकसमुदायाला विचारताना ऐकू की, तुम्ही रानात काय पाहायला गेला होता, तलम वस्त्रे घातलेला माणूस? तसली माणसे तर राजवाड्यात असतात. आणि संत लूक सांगतो की, आम्ही काय करावे असे लोकांनी विचारले, तेव्हा योहानाने उपवासाचे किंवा यात्रेचे नाव काढले नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा, असे त्याने सांगितले. म्हणजे पश्चात्तापाचा पहिला धडा कपाटापाशीच सुरू होतो.

मग चांगले कपडे घालणे पाप आहे का? मुळीच नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि एवा लाजून झाडाआड लपले, तेव्हा परमेश्वराने स्वतः त्यांच्यासाठी वस्त्रे केली. उधळ्या पुत्राच्या बापाने परतलेल्या मुलाला उत्तम झगा घालायला लावला. स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्या प्रत्येकाच्या अंगावर शुभ्र वस्त्र आले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाचा बारकाईने विचार केला. ते म्हणतात की दोष कापडात नसतो, माणूस त्याच्यामागे किती धावतो त्यात असतो. शिवाय मुद्दाम गबाळे राहून आपल्या साधेपणाची बढाई मारणे हाही दोषच आहे, हे सांगायला ते विसरत नाहीत. तेव्हा नाताळला फाटके कपडे घालून या, असे मी म्हणत नाही.

प्रश्न असा आहे की गरज संपल्यावरही आपण का घेत राहतो? आणि घेतलेले सोडवत का नाही?

आपल्यातील अनेक कुटुंबे नगर, श्रीरामपूर, संगमनेरकडून इथे आली. घरातील आजींना १९७२चा दुष्काळ आठवतो. त्या काळी वर्षाला एखादे लुगडे मिळाले तर मिळाले. ते विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की बाळाची दुपटी, आणि शेवटी चुलीपाशी पोतेरे. ज्यांनी अशी टंचाई सोसली, त्यांचा हात एक चिंधी टाकतानाही थरथरतो. त्यांच्या गाठोड्यांना आपण हसू नये. नवऱ्याने आठवणीने आणलेली पहिली साडी, वारलेल्या वडिलांचा सदरा, हेही कुणी अडगळ म्हणू नये.

परंतु आजचे आपले कपाट त्या टंचाईने भरलेले नाही. पूर्वी नाताळला एक आणि हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला एक, असे कपडे होत. आता वाशीच्या मॉलमध्ये सेल लागला म्हणून एक, मैत्रिणीने घेतला म्हणून एक, ऑफिसात साहेब रागावले म्हणून मन रमवायला एक. रात्री अकरा वाजता लोकलने दमून आलेला माणूस मोबाईलवर बोट दाबतो आणि तिसऱ्या दिवशी पाकीट दारात येते. पाकीट उघडेपर्यंत आनंद असतो. घडी मोडली की तो ओसरतो आणि हप्ता मात्र महिनोन्‌महिने चालू राहतो. किती तरी नवरा-बायकोंची भांडणे माझ्यापर्यंत येतात, त्यांचे मूळ अशा पाकिटांत असते. यात केवळ स्त्रिया असतात असा समज पुरुषांनी करून घेऊ नये. बुटांचे जोड आणि जीन्स मोजून पाहाव्यात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताची ओळख झाली. १९२९मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि १९३५मध्ये 'असणे आणि बाळगणे' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपण ज्याचे मालक होतो, तेच हळूहळू आपल्याला गिळू लागते, असा त्यांचा इशारा होता. तेव्हा तो विचार मला परीक्षेपुरता कळला. खरा कळला तो तळवलीच्या जिन्यात. त्या खोलीत कपडे आरामात राहत होते आणि पोटचा मुलगा बाहेर बसला होता. आईबापांचे मुलावर प्रेम नव्हते असे नाही. कपड्यांनी एकेक वीत जागा घेतली आणि ती कधी गेली, हे कुणाच्या लक्षातच आले नाही.

स्वस्त कपड्याची किंमत कुणीतरी दुसरा भरत असतो, हेही आठवू या. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यातील कारखान्यांमध्ये परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जात. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावण्यात आले. १,१००हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. एक मे रोजी, कामगार संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी त्या तुटपुंज्या मजुरीला गुलामगिरी म्हटले. एवढ्या दूर कशाला जायचे? आपल्या शर्टाचा कापूस यवतमाळच्या ज्या शेतात पिकतो, तिथल्या शेतकऱ्यांचे कर्ज आणि आत्महत्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्याचे कापड जिथे विणले जाते, ती भिवंडीची मागांची गल्ली इथून फार लांब नाही. गिरणगावातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना तर १९८२चा संप आणि त्यानंतर थंडावलेल्या चुली ठाऊक आहेत. सुताच्या प्रत्येक धाग्याला कुणाचा तरी हात लागलेला असतो.

आणि आता एक दुखरी गोष्ट सांगतो. एका वर्षी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब दिसले नाही. आजारी असतील म्हणून मी भेटायला गेलो. घरचा कर्ता बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, कंपनी बंद झाली. मुलांना नवे कपडे घेता आले नाहीत. सगळी मुले नवीन घालून येणार, आमची तेवढी जुन्यात. त्यांनाच नको वाटले." ज्या बाळाला गोठ्यात बाळंत्यात गुंडाळून ठेवले होते, त्याच्या वाढदिवसाला एक कुटुंब कपड्यांवाचून घरी बसले! त्यांना कुणी येऊ नका म्हटले नव्हते. आपल्या झगमगाटानेच दार लावून घेतले. मंडळीत उंची वस्त्रांच्या माणसाला मानाची जागा आणि मळकट कपड्यांच्या माणसाला पायाशी, या भेदाबद्दल संत याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. ते पत्र आपल्याच पत्त्यावर आले आहे, असे त्या दिवशी मला वाटले.

चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बासिल यांनी श्रीमंतांना तोंडावर सुनावले होते की, पेटीत पडून राहिलेला अंगरखा हा उघड्या माणसाचा आहे. म्हणजे तो देताना आपण उपकार करत नाही, ज्याचे त्याला परत करतो. त्याच शतकात मार्टिन नावाच्या सैनिकाने आमिया शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला. त्या रात्री स्वप्नात त्याला दिसले की तो अर्धा झगा प्रभू येशूने पांघरला आहे. त्या झग्याचा तुकडा पुढे जिथे जपून ठेवला, त्या जागेला लॅटिन भाषेतील 'छोटा झगा' या शब्दावरून नाव पडले. आपण आज 'चॅपेल' म्हणतो ते त्यावरूनच. वाटून दिलेल्या वस्त्राला देवघराचा मान मिळाला!

नाताळला आता जेमतेम अडीच आठवडे आहेत. या आगमनकाळात प्रत्येक घराने पुढील गोष्टी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली गोष्ट. एका संध्याकाळी सर्वांनी मिळून एक लहानशी प्रार्थना करावी आणि एकच कपाट रिकामे करून सगळे कपडे पलंगावर काढावेत. किती आहेत ते डोळ्यांनी दिसू द्यावे. ज्याने त्याने आपलेच कपडे निवडावेत. नवऱ्याने बायकोच्या किंवा सासूने सुनेच्या कपड्यांना न विचारता हात लावू नये. त्यातून घर आवरण्याऐवजी भांडणच उभे राहील.

दुसरी गोष्ट. गेल्या नाताळपासून एकदाही अंगाला न लागलेले कपडे बाजूला काढावेत. 'बारीक झाल्यावर होईल' या आशेवर ठेवलेलेही त्यात आले. आठवणीचे दोन-तीन अवश्य ठेवावेत.

तिसरी गोष्ट. द्यायचे ते धुऊन, बटण लावून, इस्त्री करून द्यावे. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या निरुपयोगी कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. जे आपण आपल्या बहिणीला देऊ शकत नाही, ते गरिबालाही देऊ नये. घालण्याजोगे कपडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांकडे द्यावेत. फाटक्या सुती साड्या आजींना द्याव्यात आणि नातवंडांनी त्यांच्याकडून गोधडीचा टाका शिकून घ्यावा. बोहारणीला दिले तरी हरकत नाही, तिच्याही पोटाला त्यातून मिळते. अगदी टाकाऊ कापडासाठी नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला कापडाच्या पुनर्वापराचे केंद्र काढले आहे. कचऱ्याच्या डब्यात मात्र काही टाकू नये.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण रिकामे कपाट पुन्हा भरायला वेळ लागत नाही. काही घ्यावेसे वाटले तर नऊ दिवस थांबावे. आपण नोव्हेना नऊ दिवस करतो, तसेच हे. रोज स्वतःला विचारावे, "हे मला हवे आहे की मला दुसरेच काही हवे आहे?" पुष्कळदा उत्तर सापडेल की विश्रांती हवी होती, कुणाशी तरी बोलायचे होते, किंवा आपण कमी नाही हे कुणीतरी सांगायला हवे होते. नवव्या दिवशीही गरज वाटली तर निश्चिंत मनाने घ्यावे, आणि आणण्याआधी घरातले एक द्यावे.

यंदा नाताळच्या मिस्साला स्वच्छ धुतलेला जुना पोशाख घालून येणाऱ्यांचे मी दारात उभा राहून स्वागत करणार आहे. मीही गेल्या वर्षीचेच घालणार आहे. ते अकरा शर्ट मात्र माझ्याकडून गेले आहेत.

शेवटी प्रेषितांच्या कृत्यांतील एक प्रसंग आठवू या. यापो गावात टबीथा नावाची एक शिष्या वारली. संत पेत्र तिथे पोहोचला तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती जमल्या आणि टबीथाने शिवून दिलेले अंगरखे व कपडे त्याला दाखवू लागल्या. पेत्राने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि ती पुन्हा जिवंत झाली. तिच्या पेटीत किती वस्त्रे होती, ते पवित्र शास्त्र सांगत नाही. तिचे प्रेम इतरांच्या अंगावर दिसत होते. मयताच्या घरी जाण्याचे काम मला वारंवार पडते. काही दिवसांनी नातलग कपाट उघडतात आणि या एवढ्या कपड्यांचे काय करायचे, म्हणून एकमेकांकडे पाहतात. आपल्यामागे आपले कपडे कुठे दिसावेत, बंद कपाटात की कुणाच्या तरी अंगावर, हे अजून आपल्या हातात आहे.

ता. क. तळवलीच्या त्या घरातून काल निरोप आला. तीनपैकी एक कपाट गेले. त्या जागी टेबल आले आहे.

प्रभू येशू आपल्या घरांत जागा शोधत येत आहे. त्याला ती मिळो. आपणा सर्वांना त्याचा आशीर्वाद.

आपला,
धर्मगुरू