रिपोर्ट नॉर्मल, पायांची आग खरी

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, बिघडल्या की माणूस आजारी पडतो, हे १९६२ साली स्वीडनमध्ये रॉल्फ लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे स्नायूच्या तुकड्यावर रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे फाटक्या कडांचे लाल तंतू ही या आजाराची खूण ठरली, आणि १९८८ साली तंतुकणिकांच्या स्वतःच्या डीएनएतले दोष रुग्णांत सापडले. थोडक्यात, हा आजार पहिल्यापासून डोळ्यांनी पाहून ओळखायचा. लोंबलेली पापणी दिसते, आकडी दिसते. दुखणे दिसत नाही. म्हणून ते केसपेपरवर ‘अंगदुखी’ या एका शब्दात आटोपते. माझ्या मते ही वेदना आजाराच्या मागून आलेली पाहुणी नाही. पुष्कळ रुग्णांत ती घरचीच आहे.

कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा चेतातंतू सुमारे मीटरभर लांब असतो. आतले सोडियम बाहेर उपसणारे त्याचे पंप तंतुकणिकांच्या ऊर्जेवर चालतात. ऊर्जा तोकडी पडली की बहुधा सर्वांत दूरचे टोक आधी बिघडते आणि कारण नसताना वेदनेचे निरोप धाडू लागते. हा नुसता तर्क नव्हे. स्टॅव्हुडिन हे एचआयव्हीवरचे स्वस्त औषध भारतातही खूप वापरले गेले. ते घेणाऱ्या अनेकांच्या तळपायांची आग होई, आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितले. तंतुकणिकांच्या डीएनएची नक्कल करणारे एन्झाइम या औषधाने अडते. कुणी म्हणेल, एचआयव्हीनेही नसा बिघडतात, आणि औषधाचा दुष्परिणाम म्हणजे आनुवंशिक आजार नव्हे. कबूल. पण त्याच एन्झाइमचे जनुक, पीओएलजी, जन्मतः सदोष असलेल्यांतही नसांचा विकार आढळतो. तिथे ना विषाणू, ना गोळी.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे: नसांची तपासणी नॉर्मल, मग दुखते कुठून? पण ती नेहमीची तपासणी जाड तंतूंचा वेग मोजते; आग आणि चटका बारीक तंतूंतून जातो, त्यांची दखल ती घेतच नाही. रात्री पायावर चादर टेकली तरी सहन होत नाही असे सांगणारा रुग्ण आणि त्याच्या हातातला नॉर्मल रिपोर्ट, दोघेही खरे असू शकतात. राहिला हे दुखणे नैराश्यातून येते, या आक्षेपाचा मुद्दा. नैराश्याने दुखणे वाढते, तसेच रोजच्या दुखण्याने नैराश्य येते. त्यावरून वेदना मनातली ठरत नाही. उलट, सगळेच दुखणे नसांचे मानणेही चूक. चालल्यावर पोटऱ्यांत येणारे गोळे, अर्धशिशी आणि तळपायांची आग यांचे उपचार निरनिराळे आहेत. म्हणून डॉक्टरांनी ‘अंगदुखी’ न लिहिता कुठे, कधी, कशी दुखते ते लिहावे आणि शेजारी जनुकाचे नाव लिहावे. अर्धशिशीवर सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट पीओएलजीचा दोष असलेल्या रुग्णाचे यकृत निकामी करून जीव घेऊ शकते.