पाणी जोखताना

एखाद्याचा खरा कस आपल्या ध्यानात आला, की आपण म्हणतो, ‘त्याचे पाणी मी जोखले आहे.’ हा वाक्प्रचार प्रथम ज्याच्या तोंडून निघाला, त्याला आपण किती शब्दशः खरे बोललो याची कल्पना नसावी. प्रौढ माणसाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा पाण्याचाच असतो. आणि कर्करोगावर प्रोटॉनांचा मारा करणारे शास्त्रज्ञ रोग्याच्या अंगावर यंत्र रोखण्यापूर्वी खरोखरच पाणी जोखतात.

माझा एक जुना विद्यार्थी या शास्त्रात पडला आहे. पाण्यातून धावणाऱ्या कणांची नक्कल संगणकावर कशी मांडतात, हे त्याने मे महिन्यात मला समोर बसून दाखवले. मॅट्रिकपलीकडे माझे शास्त्राचे शिक्षण गेलेले नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला त्यात ओळखीचे पुष्कळ सापडले, कारण ती मांडणी म्हणजे एक छोटी सृष्टिरचनाच आहे.

प्रथम जग निर्माण करायचे. जिनीव्हाच्या सर्न या संशोधनसंस्थेशी नाते असलेली ‘जिएंट-४’ नावाची प्रणाली १९९८ साली बाहेर आली. तिच्यात सर्वांत बाहेरच्या पेटीला ‘वर्ल्ड’ असेच म्हणतात. या जगाची भिंत ओलांडली, की कण संपला. पुढे त्याचा माग कोणी ठेवत नाही. जगात हवा भरायची, मधोमध पाण्याची पेटी ठेवायची आणि तिच्यासमोर कण सोडणारी बंदूक. मग निसर्गनियम! तेही आपणच निवडून द्यायचे. कण अणूंच्या गर्दीतून जाताना शक्ती कशी गमावतो, अणुकेंद्रावर आदळला तर काय होते, हे सारे नेमून द्यावे लागते. एखादा नियम द्यायचा राहिला, तर त्या जगात ती घटना घडतच नाही. आणि यंत्र बापडे तक्रारही न करता सुबक आलेख काढून देते.

शेवटी द्यायचे नशीब. प्रत्येक कणाने कुठे वळावे, कुठे अडखळावे, हे जणू फासे टाकून ठरते. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते मांडीत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर वेळा डाव मांडून मोजली तर, असे त्यांच्या मनात आले. (दिवाळीत पत्ते कुटणाऱ्यांनी एवढ्यावरून घरच्यांशी वाद घालू नये!) जॉन फॉन नॉयमन यांनी त्या कल्पनेला रूप दिले आणि जुगाराच्या गावावरून तिला ‘मोंटे कार्लो’ हे नाव पडले. तिचा पहिला उपयोग अण्वस्त्रांच्या गणितासाठी झाला. त्याच १९४६ साली, लॉस अ‍ॅलामॉसला बाँबच्या कामावर राहिलेल्या रॉबर्ट विल्सन यांनी प्रोटॉनांनी रोग जाळता येईल असे लिहिले. एकाच अंगणात विष आणि औषध उगवावे, याचे मला नवल वाटत नाही. त्यातले काय खुडायचे हे माणसाच्या हाताकडे असते, इतकेच.

विल्सन यांच्या सूचनेमागे प्रोटॉनाचा एक स्वभाव होता. अशा कणांचा तो स्वभाव ब्रॅग यांनी १९०४ मध्येच ओळखला होता. प्रोटॉन वाटेत चिल्लर वाटत जातो आणि मुक्कामाला पोचताच सारी थैली रिकामी करतो. १५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १५.८ सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतल्या अर्ध्या फूटपट्टीहून थोडा अधिक, आणि तिथे थांबतो. तिथेच गाठ असली, तर तिच्यामागचे निरोगी अंग बहुतांशी बचावते. खारघरला टाटा स्मारक केंद्रात २०२३ पासून हा उपचार मिळतो.

‘बाई, हे पाणी म्हणजे आपला पेशंट,’ पडद्यावरच्या पेटीवर बोट ठेवून तो म्हणाला.

मला ते रुचले नाही. मी म्हटले, ‘अरे, माणसाला हाडे असतात, फुप्फुसात हवा असते, आणि घरी वाट पाहणारी माणसे असतात.’

तो हसला. पहिल्या दोन गोष्टींची सोय आहे, म्हणाला. सी.टी. स्कॅनच्या मापात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे एक हजार. शरीराचा कण न् कण पाण्याहून किती उणा-अधिक, एवढेच ते यंत्र सांगते. त्यावरून प्रोटॉन कुठे थांबेल हे ताडायचे, आणि ते ताडणे नेमके नसते. म्हणून पुष्कळ ठिकाणी पल्ल्याच्या ३.५ टक्क्यांच्या आसपास मोकळीक ठेवतात. आपल्या फूटपट्टीवर ती अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त भरते.

हा अर्धा सेंटिमीटर माझ्या डोक्यातून जात नाही. गाठीमागे डोळ्याची नस असली तर? मोकळीक ठेवावी, तर निरोगी नस जाणूनबुजून भाजते. ठेवू नये, तर गाठीचा एखादा कोपरा जिवंत राहण्याचा धोका. हे माप कुणाच्या पदरात टाकायचे? मी विचारले, कण वाढवले तर भागणार नाही का? त्याने समजावले, की कण चौपट केले तर फाशांमुळे येणारी चूक निम्मी होते. पण दहा कोटी सोडले तरी ते जाणार आपण मांडलेल्या शरीरातूनच. मांडणीतली चूक त्याने तसूभरही हलत नाही. आणि खुद्द पाणी? त्याच्या एका मूलभूत गुणाचा आकडा ७५ धरला जाई. २०१६ मध्ये तो ७८ ठरला.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत मला हे रोज दिसते. पहिलीत कोणी एका मुलाला ‘ढ’ म्हटलेले असते. मग दुसरी, तिसरी, चौथीचे शिक्षक तेच म्हणतात, आणि इतक्यांचे मत एक म्हणजे ते खरेच असणार, असे ठरते. पण सारे कण एकाच पाण्यातून गेलेले! फरक एवढाच, की माझा विद्यार्थी आपल्या पाण्यापुढे ३.५ टक्के लिहून ठेवतो. मुलाच्या प्रगतिपुस्तकात तसा रकाना नसतो. माणसाला पाणी समजणे हा अपमान, असे मला आधी वाटले होते. आता वाटते, समजलो ते पाणी आहे हे आठवणीत ठेवून त्याच्यासाठी जागा सोडणारा, माणसाला पुरते ओळखल्याचा दावा करणाऱ्यापेक्षा त्याचा अधिक मान राखतो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसेही शाईचीच आहेत, हे वाचकांनी जाणावे.

निघताना त्याने आणखी एक सांगितले. संगणकावर योजना तयार झाली, की ती थेट रोग्यावर चालवीत नाहीत. खोलीत आधी पाण्याची किंवा पाण्यासारख्या पदार्थाची पेटी ठेवतात, त्या माणसासाठी ठरलेला मारा तिच्यावर करतात आणि आत ठेवलेल्या मापकाने किती पोचले ते मोजतात. आकडे जुळले, की पेटी बाजूला सारतात आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला नावाने हाक मारतात.