दोष कोणाचा, हे न विचारता

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ढिगाऱ्यातून २७ मृतदेह निघाले, ५७ जण सापडलेच नाहीत. आश्रमशाळेत राहणारी ठाकर समाजाची काही मुले वाचली, पण त्यांचे आईबाप गेले. पुढचे कितीतरी दिवस जवळच्या चौक गावाकडे मदतीच्या गाड्यांची रीघ लागली होती. धान्य, कपडे, भांडी, वह्या-पुस्तके येत राहिली, मुलांचे पालकत्व घेण्याच्या घोषणा झाल्या. या मुलांचे आईबाप कसे वागत होते, हे कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते.

एचआयव्हीने आईबाप नेलेल्या मुलाच्या वाट्याला मात्र हाच प्रश्न सगळ्यात आधी येतो.

कर्जत-खालापुरातले वारकरी ज्या पंढरपूरला जातात, तिथली २००१ ची हकिगत आहे. मंगलताई शहा आणि त्यांची मुलगी डिंपल एड्सबद्दल लोकांना माहिती देत फिरत असत. एका गावात दोन लहान बहिणींना गोठ्यात टाकले आहे, असे त्यांच्या कानावर आले. एक अडीच वर्षांची, दुसरी दीड. आईबाप एड्सने गेलेले, आणि घरातल्यांना या दोघी डोळ्यांसमोरही नकोत. मंगलताईंनी पोरींना उचलून आणले आणि त्यांना ठेवून घेईल अशी संस्था शोधायला सुरुवात केली. कोणीच तयार होईना. मग त्याच सांभाळू लागल्या, आणि त्यातून ‘पालवी’ ही संस्था उभी राहिली.

त्या काळात हे काम हाती घेणे किती अवघड होते, ते आज चटकन ध्यानात येत नाही. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधे एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली, मुलांसाठीची योजना तर २००६ च्या अखेरीस आली. तोवर अशा लेकराला जवळ करायचे म्हणजे त्याला एक दिवस पोहोचवायलाही आपणच जायचे, ही मनाची तयारी ठेवावी लागे.

लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. तिथली मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुले शाळेत पाठवणेच बंद केले. त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी जोहान्सबर्गमध्ये एन्कोसी जॉन्सन या एचआयव्हीबाधित मुलाच्या शाळाप्रवेशावरून असेच वादळ उठले होते. हाच एन्कोसी अकराव्या वर्षी, जुलै २००० मध्ये, डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेच्या व्यासपीठावर उभा राहून बोलला. पुढच्याच वर्षी तो गेला. वही-पेन्सिल एकमेकांना दिल्याने, शेजारी बसून डबा खाल्ल्याने एचआयव्ही होत नाही, हे तेव्हाही माहीत होते. तरीही लोक घाबरत होते, कारण त्या भीतीला रोगाइतकाच पापाचाही वास होता.

या मुलांसाठी काही करावे असे वाटणारी भली माणसेही हळहळून म्हणतात, ‘या लेकरांचा काय दोष?’ वाक्य मायेचेच आहे, पण त्यात एक निवाडा दडलेला असतो. दोष लेकरांचा नाही, म्हणजे कोणाचा तरी आहे. बोट आईकडे वळते, आणि ती आई बहुतेक वेळा घरातच, नवऱ्याकडून बाधित झालेली असते. तिला गुन्हेगार ठरवून तिच्या पोराला कुरवाळायचे, ही कसली करुणा? पोर मोठे झाल्यावर आईचा फोटो कुठे लावणार?

सोय म्हणून दुसरे एक उत्तर तयार असते, गेल्या जन्मीचे भोग. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली. दुबळ्यांच्या दुःखाची जबाबदारी समाजाला झटकता यावी, एवढाच तिचा उपयोग, हे त्यांनी ओळखले होते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. संत एकनाथांच्या चरित्रात पैठणच्या वाळवंटात तापलेल्या रेतीवर रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरातले मूल येते. नाथ ते कडेवर घेतात, त्याचे नाक-डोळे पुसतात आणि आईपाशी नेऊन पोहोचवतात. पायाला चटके बसत असताना मुलाचे प्रारब्ध मोजत बसणे नाथांना सुचलेही नाही. ही गोष्ट कीर्तनात ऐकून डोळे पुसणाऱ्यांना गोठ्यातल्या त्या दोन बहिणी परक्या वाटायला नकोत.

प्रेम उतू जाऊनही काही बिघडू शकते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एड्सग्रस्त अनाथांकडे श्रीमंत देशांतून काही आठवड्यांसाठी येणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये लिहिले. मूल पाहुण्याला बिलगते, लळा लागतो आणि पाहुणा निघून जातो. मग दुसरा येतो. आधीच आईबाप गमावलेल्या जिवाला सोडून जाण्याचा अनुभव असा पुन्हा पुन्हा येतो. वाढदिवसाला केक घेऊन जायचे, मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे, ही आपल्याकडची रीतही फारशी वेगळी नाही. त्यात तो फोटो चारचौघांत गेला की मुलाचा आजार जगजाहीर होतो. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे.

या मुलांची गरज साधी आहे, पण रोजची आहे. गोळी एकही दिवस न चुकता घ्यायची, आणि तीही जन्मभर. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोर अडून बसते, ‘मला काही झालेले नाही, मी गोळी घेणार नाही’ म्हणते. तेव्हा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असे माणूस जवळ लागते, आणि तो विश्वास एका भेटीत मिळत नाही. सगळी मुले संस्थेत नसतात, पुष्कळशी आजीजवळ वाढतात. एखाद्या वाडीवरून नातवाला घेऊन एआरटी केंद्र गाठायचे तर आजीची त्या दिवसाची मजुरी बुडते. बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, पण अर्ज, दाखले आणि बँकेचे खाते तिला एकटीला झेपत नाही. कर्जत-खालापुरातल्या एखाद्या शिक्षकाने, निवृत्त कारकुनाने किंवा भजनी मंडळातल्या दोघांनी अशा एकाच घराची जबाबदारी वर्षभर गुपचूप, गाजावाजा न करता उचलली, तर तिथे पाहुण्यांच्या चार बस येऊन गेल्यापेक्षा अधिक काम होईल.

वेळेवर औषध मिळालेली ती पिढी आता वयात आली आहे. हासेगावात तर मुलांची लग्नेही लावून दिली गेली. औषध नीट चालू असेल तर विषाणू इतका दबतो की जोडीदाराला लागण होत नाही, आणि गरोदरपणात उपचार मिळाले तर बाळही बहुतेक वेळा बाधामुक्त जन्मते. या तरुणांना आता नोकरी हवी आहे, भाड्याने खोली हवी आहे, आणि आईबापांबद्दल चौकशी न करता ती देणारा घरमालक हवा आहे.