कपाळावरचा हात

रविवारी क्लबमधला डाव मी काळ्या मोहऱ्यांनी जिंकलो आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये.

सिसिलियन बचाव खेळलो होतो. शेवटी पटावर हत्ती-प्यादी उरली, तेव्हा मी एका प्याद्याने मागे होतो. समोरच्या काकांकडे ४ मिनिटं होती, वाढीव सेकंद नव्हते. पाचहून कमी मिनिटं उरली की चाली लिहायची सक्ती नसते, तरी काकांनी सवयीने हत्तीची चाल नीट लिहिली. आणि घड्याळ दाबायला विसरले.

फिडेच्या नियमांनुसार मी आठवण करून द्यायला बांधील नाही. पंचानेही सांगायचं नसतं. म्हणजे गप्प बसणं चालतं. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'नियमात बसतं' एवढं पुरतं.) पण मी नुसता गप्प नव्हतो. काकांचं लक्ष घड्याळाकडे जाऊ नये म्हणून कपाळाला हात लावून विचार करण्याचं नाटक करत होतो. त्याबद्दल नियमांत काहीच सापडलं नाही.

वेळ संपली. काका हसून म्हणाले, “माझीच चूक.”

नंतर डाव पुन्हा मांडताना त्यांनी विचारलं, “इथे एवढा कसला विचार करत होतास रे?”

मी हत्ती मागे घेण्याची एक चाल दाखवली. ते ती बराच वेळ तपासत बसले.