एक ग्रह सापडला, एक सापडला नाही

काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या बयानात एका वैज्ञानिक मताविषयी "तो तर नुसता सिद्धान्त आहे" असे मी सहज बोलून गेलो. नमाजनंतर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणाने अदबीने विचारले, "मौलाना, सिद्धान्त चुकला हे कशावरून ठरते?" मला उत्तर देता आले नाही. जे आपण तपासलेले नाही त्याला 'नुसते' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, ही टोचणी मनाला लागून राहिली.

भाकीत खोटे ठरले की सिद्धान्त खोटा, असे आपणांस वाटेल. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ मध्ये मांडलेला विचारही ढोबळमानाने याच वळणाचा आहे: जो सिद्धान्त खोटा ठरण्याचा धोका पत्करत नाही, तो वैज्ञानिक नव्हे. परंतु युरेनसचे उदाहरण पाहा. न्यूटनच्या नियमांनुसार तो जिथे असायला हवा होता, तिथे तो दिसत नसे. तेव्हा न्यूटनला सोडून द्यायचे काय? फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी तसे केले नाही. एखादा अज्ञात ग्रह युरेनसला ओढत असावा असे मानून त्यांनी त्याची जागा गणिताने काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत त्या जागेपासून एका अंशाच्या आतच नेपच्यून सापडला.

बुधाचीही चाल अशीच किंचित चुकत होती. शतकाला सुमारे ४३ विकला, म्हणजे एका अंशाचा जेमतेम ऐंशीवा भाग. ल व्हेरिए यांनी हाच उपाय पुन्हा योजला. सूर्याजवळ आणखी काही असावे, असे त्यांनी १८५९ मध्ये सुचवले. त्या ग्रहाला 'व्हल्कन' हे नावही मिळाले, काहींनी तो पाहिल्याचे सांगितले. पण तो कधीच हाती लागला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्व-सिद्धान्तातून त्या ४३ विकला आपसूक निघाल्या. या वेळी न्यूटनलाच बाजूला सरावे लागले.

माणूस तोच, युक्ती तीच, निकाल मात्र उलट. पिएर द्युएम म्हणत की सिद्धान्त कधी एकटा परीक्षेला बसत नाही. त्याच्यासोबत दुर्बिणी, आकडेमोड आणि कितीतरी गृहीतके बसतात. नापास नेमके कोण झाले, हे निकालपत्रावर लिहिलेले नसते. म्हणून आपले मत वाचवण्यासाठी नवे गृहीतक जोडणे हा गुन्हा नव्हे. ते गृहीतक स्वतः तपासणीला उभे राहते की सूर्याच्या तेजाआड दडून बसते, एवढे मात्र पाहावे लागते. बसऱ्याच्या इब्नुल हैसम यांनी टॉलेमीवरील शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वाचकाला स्वतःच्या आकलनावरही संशय घ्यायला सांगितले. हा दुसरा संशय फार जड जातो.

२९ मे १९१९ च्या ग्रहणात तारकांचा प्रकाश सूर्याजवळ किती वाकतो ते मोजले गेले. आइन्स्टाइनचा आकडा १.७५ विकला, न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा. ब्राझीलमधील सोब्राल येथील एका दुर्बिणीच्या काचा न्यूटनकडे झुकत होत्या; त्यांना निकालात वजन दिले गेले नाही. हे ऐकून तो तरुण म्हणाला, "नको ती साक्ष वगळली की!"

शंका रास्त होती. मुहद्दिस रावीची स्मरणशक्ती आणि सचोटी तपासतात. मजकूर सोयीचा आहे म्हणून कमजोर रावी सबळ ठरत नाही, आणि गैरसोयीचा आहे म्हणून सबळ रावी कमजोरही होत नाही. येथे काय घडले? त्या काचांवरील तारका धूसर आल्याची, दुर्बिणीचा फोकस बिघडल्याची नोंद काचा धुतल्या त्याच रात्री झाली होती, मोजमाप होण्याच्या कितीतरी आधी. पुढे १९७९ मध्ये ग्रिनिच वेधशाळेने त्याच काचा नव्या यंत्रावर मोजल्या, तेव्हा त्यांचाही कौल आइन्स्टाइनकडे झुकला.

"नोंद आधीची होती, हे महत्त्वाचे," तरुण म्हणाला. मी माझ्या बयानाच्या वहीतील ते वाक्य खोडले आणि समासात तारीख घातली.