पुतळ्यामागचा माणूस

जबलपूरच्या भंवरताल उद्यानात राणी दुर्गावतीचा हत्तीवर आरूढ पुतळा आहे. १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना गोंडवनाच्या ह्या राणीने शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण पत्करले. तिचा पुतळा उभा राहिला तो कित्येक शतकांनंतर. ज्या व्यक्तीला कधी पाहिले नाही तिची मूर्ती घडवताना शिल्पकाराला जिवंत माणसांकडेच पाहावे लागते. कोणाची मान, कोणाचा खांदा, तर कोणाची नजर उसनी घ्यावी लागते. शरीर एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही फसवणूक आहे काय?

मला तसे वाटत नाही. पाहणारा तेथे राणीचा हुबेहूब चेहरा शोधत नाही. तिच्या धैर्याचे स्मरण करतो. खरा नैतिक प्रश्न पुढेच आहे. ज्याने तासन्‌तास स्थिर उभे राहून आपले शरीर शिल्पकाराच्या स्वाधीन केले, त्याचे आपण काय देणे लागतो?

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी ह्यांचे १९५९ साली उभारलेले ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे. चार श्रमिक एक प्रचंड शिळा हलवीत आहेत. कलाशाळेचा रात्रीचा पहारेकरी ह्या शिल्पासाठी उभा राहिला होता, असे सांगतात. श्रमाचा गौरव साऱ्या जगाने पाहिला. त्या श्रमिकाला किती जण ओळखतात?

कोणी म्हणेल, “मजुरी दिली, ऋण फिटले.” मजुरी वेळेची असते, प्रतिरूपाची नव्हे. अर्थात एखाद्या गरीब स्त्रीला आपले नाव झाकलेलेच बरे वाटत असेल. मग तिचा शब्द पाळावा. परंतु तिला विचारलेच नाही, तर ते मौन तिचे नसते, आपले असते.

हा दोष केवळ शिल्पकारांचा नाही. मराठी बायबलच्या इतिहासात आपण विल्यम केरी ह्यांचे नाव आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांना मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ शर्मा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? भाषांतराच्या मेजाशी बसणारा मीही ह्या विस्मरणातून मुक्त नाही. एखादा नेमका शब्द एखाद्या खेडूत बहिणीच्या तोंडून मिळतो आणि छापील पानावर तिचा मागमूसही राहत नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे सांगताना ‘त्सेलेम’ हा इब्री शब्द आला आहे. गणनाच्या ३३ व्या अध्यायात हाच शब्द मूर्तिपूजकांच्या ओतीव मूर्तींसाठी येतो. हा योगायोग मला नेहमी अंतर्मुख करतो. धातूची प्रतिमा आपण चौथऱ्यावर चढवतो, तिला हार घालतो. आणि देवाने स्वतः घडवलेली प्रतिमा मजुरी घेऊन मागच्या दाराने निघून जाते.

आपल्या मंदिरांतील संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे असतात. पुढची पाटी कोरण्याआधी भिंत रचणाऱ्या गवंड्याला त्याचे नाव विचारावे. पाटीवर जागा नसेल, तर निदान प्रार्थनेत तरी ते घ्यावे.