तेरा कोटींचा हिशेब

॥ श्रीराम समर्थ ॥



आपल्या तेरा कोटी नामजपाची वही आम्ही काही भगिनी सांभाळतो. रोज रात्री ग्रुपवर आलेले आकडे उतरवायचे, बेरीज करायची. परवा एका ताईंचा मेसेज आला, "पंधरा दिवस रोज दहा माळा लिहिल्या, पण झाल्या सातच. सगळ्यांत कमी दिसायला नको म्हणून लिहिलं. तेवढ्या वजा करा." वाचून आम्ही गप्पच झालो. कारण खरं सांगायचं तर असं आमच्याही हातून झालंय.

मग त्या आकड्याकडेच नीट पाहिलं. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून समर्थांनी तेरा अक्षरी राममंत्र तेरा कोटी वेळा जपला, असं परंपरा सांगते. आपल्या भागानगरचे केशवस्वामी समर्थ पंचायतनातले, म्हणून हैदराबादचंही त्यांच्याशी जुनं नातं.

त्याच नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते, मोठे गणिती. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १३,००,००,००० च्या अंकांची बेरीज ४. चारने भागा, बरोबर ३,२५,००,००० येतात. म्हणजे आपला संकल्प हर्षद आहे! पण नुसते १३ घ्या, चारने भाग जात नाही. पुढे शून्यं आली, तेव्हाच हर्ष आला. बेरजेत शून्य काहीच मागत नाही, पण जागा धरून उभं राहतं. सद्गुरूंना आपल्याकडून हेच तर हवंय ना?

आता त्यात एकच मिळवा. १३,००,००,००१. बेरीज ५, आणि पाचने भाग जात नाही. एका आकड्याने हर्ष गेला. तो एक खरा की खोटा, हे संख्येला कळत नाही. आपल्याला मात्र कळतं.

आणखी एक गंमत. तेरा कोटींना १०८ ने भागलं तर १२,०३,७०३ माळा होतात आणि ७६ जप उरतात. म्हणजे संकल्प माळेच्या मध्येच पुरा होतो. तिथेच माळ खाली ठेवणार का? मेरुमण्यापर्यंत आणखी ३२ मणी ओढले की १३,००,००,०३२ होतात. बेरीज ९, आणि नवाने पूर्ण भाग जातो. पुन्हा हर्षद! संकल्प पुरा झाला तरी नाम थांबवायचं नसतं, हे त्या उरलेल्या मण्यांनीच शिकवलं.

ताईंच्या ४५ माळा, म्हणजे ४,८६० जप, आम्ही वजा केले. आमचेही केले. एकूण आकडा खाली आला, मन मात्र हलकं झालं.

तेव्हा आजपासून जेवढं झालं तेवढंच लिहूया. घरात आजारपण असेल, पाहुणे असतील, नाहीच जमलं, तर निःसंकोच ० लिहा. आपल्या वहीत शून्यालाही जागा आहे.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥